भिंतीची ओल, न्हाणीतला वास आणि रात्रीतून रिकामी होणारी टाकी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मृग लागायच्या आधी घराची डागडुजी करून घ्यायची म्हणून या महिन्यात आलेल्या पत्रांत ओल आणि वास हेच दोन विषय पुन्हा पुन्हा आले. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. जागा पुरावी म्हणून पत्रं थोडी कापली, उत्तरं मात्र कापली नाहीत.

प्रश्न : स्लॅबचं घर बांधून चार वर्षं झाली. न्हाणीच्या मागची भिंत, म्हणजे देवघराची बाजू, जमिनीपासून दोन-अडीच फूट ओली राहते. रंगाचे पोपडे पडतात, पांढरी पूड निघते. मिस्त्री म्हणतो, न्हाणीच्या सगळ्या टाइल्स काढून पाईप बदलावे लागतील. काढू द्यावं का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

इतक्यात हातोडी लावू देऊ नका. ओल दिसते तिथेच पाणी गळतं असं नसतं. पाणी विटांच्या सांध्यांतून, जोत्यावरून, टाइल्सखालच्या मसाल्यातून सरकत जातं आणि जिथे प्लास्टर कच्चं असेल तिथे बाहेर येतं.

शिवाय तुमचा तालुका खारपाणपट्ट्यात. तिथे जमिनीतच क्षार. जोत्यावर ओलरोधक थर नसेल, किंवा असून चिरलेला असेल, तर भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतो, तीच ती पांढरी पूड. म्हणून पूड निघाली म्हणजे पाईप फुटला असं धरून चालू नका. आधी घराला एक फेरी मारा. न्हाणीपासून लांबच्या भिंतींनाही साधारण त्याच उंचीचा पट्टा दिसला, तर दोष जमिनीचा आहे आणि पाईप बदलून काही होणार नाही. ओल फक्त न्हाणीच्या भिंतीलाच असेल तर पुढच्या चाचण्या करा. खर्च जवळजवळ शून्य.

सुरुवात नळापासून. न्हाणीतल्या नळाच्या मुळाशी भिंतीला टेकलेली स्टीलची वाटी असते. ती पुढे ओढा आणि मागच्या फटीत करंगळी घाला. बोट ओलं निघालं, तर भिंतीतल्या पितळी एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडाचा, आटा (पेच) गळतोय. ही फार नेहमीची जागा आहे. नळ बसवताना टेफ्लॉन टेप कमी गुंडाळली, किंवा नळाचं तोंड सरळ यावं म्हणून घट्ट केलेला आटा पाव फेरा उलटा फिरवला, की गळती सुरू. पाव फेरा उलटा फिरवलेला आटा पुन्हा कधी धरत नाही. नळ पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा, आट्याच्या दिशेने दहा-बारा वेढे नवी टेप द्या आणि बसवा. टाइल फोडायची गरज नाही.

बोट कोरडं निघालं तर रात्री टाकी भरा, मोटर बंद करा, टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर काठीने मोजून लिहून ठेवा. रात्रभर कोणी पाणी वापरायचं नाही. सकाळी पुन्हा मोजा. 1000 लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण 105 सेंटीमीटर असतो, म्हणजे पातळी 1 सेंटीमीटर उतरली की साडेआठ लिटरच्या आसपास पाणी गेलं. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हेच करा. व्हॉल्व्ह उघडा असताना पातळी उतरते आणि बंद असताना जागेवर राहते, तर गळती घरातल्या लाईनमध्ये. बंद असतानाही उतरते, तर टाकीत, टँक निप्पलमध्ये (टाकीला पाईप जोडणाऱ्या तुकड्यात) किंवा पुढच्या प्रश्नात सांगितलेल्या जागी. फक्त व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का ते आधी बघा. तो बंद करून न्हाणीतला नळ उघडा. पाईपमधलं पाणी संपल्यावर धार पूर्ण थांबली पाहिजे. थेंब पडतच राहिले तर व्हॉल्व्ह निकामी आहे आणि तुमचं माप खोटं ठरेल.

दाबाची, म्हणजे टाकीतून नळाला येणारी, लाईन निर्दोष निघाली तर संशय सांडपाण्यावर. इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि बहुतेक मिस्त्री त्या एकत्र करून टाकतात. एक फरशी, दुसरा पाईप.

फरशीसाठी नहाणी ट्रॅपची, म्हणजे न्हाणीचं पाणी जिथून खाली जातं त्या वाकड्या तोंडाची, जाळी काढा, प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्यांचा बोळा करून ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा आणि न्हाणीत तीन बोटं पाणी भरा. पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. दोन तास थांबा. बाहेरच्या चेंबरजवळ कोणाला तरी उभं करा; तिथे पाणी येत असेल तर बोळाच गळतोय, पुन्हा बसवा. चेंबर कोरडं आणि पाणी मात्र रेघेखाली गेलं, तर टाइल्सच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने पाणी खाली जातंय. पाईपसाठी उलटं करा. बोळा चेंबरच्या बाजूने पाईपच्या तोंडात घाला आणि ट्रॅपच्या गळ्यापर्यंत पाणी भरून तासभर बघा. पाण्यात खायचा लाल रंग टाकला तर भिंतीवर डाग येऊन वाट कळू शकते. 

बहुतेक वेळा दोषी निघते ती ट्रॅपची कड. ट्रॅप प्लास्टिकचा, भोवती सिमेंट. सिमेंट आकसतं, प्लास्टिकला धरत नाही आणि केसाएवढी फट राहते. त्यासाठी सगळी न्हाणी उकरायची नसते. ट्रॅपभोवतीचा वीतभर चौकोन काढा, कड कोरडी होऊ द्या, पॉलिमर मिसळलेला मसाला भरा आणि टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट घाला. साधं पांढरं सिमेंट तिथे वर्षभरही टिकत नाही.

दोष जमिनीचा निघाला, तर भिंतीला ऑइल पेंट किंवा सिमेंटचा जाड थर देऊन ओल दाबू नका. अडलेलं पाणी आणखी वर चढतं, अडीच फुटांची चार फूट होते. ओलीच्या रेघेपेक्षा फूटभर वरपर्यंत प्लास्टर काढा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा, मग चुन्याचं प्लास्टर करा. ते भिंतीला श्वास घेऊ देतं. बाहेरून जोत्याला टेकलेली माती, शेणखत, इंधनाचा ढीग हटवा.

इंटरनेटवर भिंतीला प्लास्टिक चिकटवून बघायची चाचणी सांगतात. ती ओल हवेतली की भिंतीतली एवढंच दाखवते. आपल्याकडच्या मे महिन्यात हवेत ओल असतेच कुठे!

प्रश्न : रात्री टाकी काठोकाठ भरून झोपतो, सकाळी अर्धी. घरात कुठेच ओल नाही, नळ गळत नाही, टाकीखाली थेंब नाही. पाणी जातं तरी कुठे?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

जिथून आलं तिथेच. ही गळती कुठेच दिसत नाही, कारण पाणी बोअरमध्ये परत पडतं.

मोटरचा चढता पाईप टाकीत कुठून शिरतो ते बघा. तो खालून शिरत असेल, किंवा वरून शिरूनही त्याचं तोंड पाण्यात बुडत असेल, तर मोटर बंद झाल्यावर पाणी त्याच पाईपने खाली ओढलं जातं. पाणी उसळू नये म्हणून लोक तिथे लांब नळी जोडतात, तेव्हा हे हमखास होतं. खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, असतो, पण त्यात वाळूचा एक खडा अडकला की तो पूर्ण मिटत नाही.

खात्री करायला टाकी भरल्यावर पाईपचं तोंड पाण्याच्या वर येईल एवढी नळी कापा. सकाळी टाकी भरलेली दिसली तर चोर सापडला. तोंड कायम पाण्यापेक्षा चार बोटं वर ठेवा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलून धुवा किंवा बदला.

आणखी एक खूण. मोटर चालू केल्यावर पाणी यायला पूर्वी दहा सेकंद लागायचे आणि आता मिनिट लागतं, म्हणजे चढता पाईप दर वेळी रिकामा होतोय. व्हॉल्व्ह बदलूनही तसंच राहिलं तर बोअरच्या आतल्या कॉलम पाईपचा (मोटर ज्याला लटकते त्या पाईपचा) सांधा गळतो. त्यासाठी मोटर वर काढावी लागते. ते काम घरी करू नका.

गावच्या नळाची लाईन आणि बोअरची लाईन तुमच्याकडे एकाच टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) जोडली आहे का, तेही बघा. अनेक घरांत असते. गावची लाईन बंद असताना तुमच्या टाकीचं पाणी तिच्यात उतरतं. पाण्याचं नुकसान एकवेळ परवडलं, पण त्याच वाटेने नालीतलं पाणीही लाईनमध्ये शिरू शकतं. दोन्ही जोडण्या वेगळ्या करा.

प्रश्न : लग्नसराईत पंधरा दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर संडास-न्हाणीत उभं राहवेना इतका वास. फिनाईल टाकून थकलो.
– एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

दोन बादल्या पाणी टाका, अर्धा तास दार उघडं ठेवा. बहुधा एवढंच पुरेल.

ट्रॅपच्या वाकणात पाणी साचून राहतं आणि तेच खड्ड्यातल्या वायूला अडवतं. शहरी धाटणीच्या ट्रॅपमध्ये ही पाण्याची अडसर 50 मिलिमीटर असते. दोन खड्ड्यांच्या ग्रामीण शौचालयाला कमी पाण्यात काम भागावं म्हणून ती 20 मिलिमीटरच ठेवलेली असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, दोन सेंटीमीटर पाणी उडायला पंधरा दिवस भरपूर झाले. पुढच्या वेळी निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडंतेल टाका. तेलाच्या थराखाली पाणी लवकर उडत नाही.

पाणी टाकूनही वास राहिला तर उदबत्ती घ्या. पंखा बंद करा, दार लोटा, आणि उदबत्ती भांड्याच्या कडेने, बेसिनच्या नळीभोवती, नहाणी ट्रॅपच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धूर एकाएकी ढकलल्यासारखा वाकतो तिथे फट आहे. बेसिनची घडीची नळी भिंतीतल्या पाईपमध्ये नुसती खुपसलेली असते, भोवती बोटभर मोकळी जागा. तिथे रबराची रिंग बसवा. ही उदबत्ती घरातच. सेप्टिक टँकच्या किंवा खड्ड्याच्या झाकणाजवळ उदबत्ती, काडी, बिडी काहीही पेटवू नका, तिथे मिथेन असतो.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की संडासातलं पाणी उतरत नाही, बुडबुड आवाज येतो, न्हाणीत घाण वास. मागच्या वर्षी शोषखड्डा उपसला, आठ दिवसांत जैसे थे. घरामागे धानाची बांधी आहे.
– एक वाचक, लाखनी तालुका, जि. भंडारा

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. बांधीत पाणी उभं राहिलं की भूजल वर येतं आणि शोषखड्डा बाहेरून भरतो. तुम्ही उपसलं ते संडासाचं पाणी कमी आणि बांधीचं जास्त.

पडताळून पाहा. झाकण उघडून थोडा वेळ लांब थांबा, मग काठीने जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. जवळच्या विहिरीचंही मोजा. दोन्ही जवळपास सारखं आलं तर पावसाळ्यात खड्डा उपसण्यावर पैसा घालवू नका. जमिनीत प्लास्टिकची तयार टाकी असेल तर ती पावसाळ्यात रिकामी करणं उलट धोक्याचं. भूजल तिला खालून उचलतं आणि जोडलेले पाईप तुटतात.

आता न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी संडासाच्या लाईनमधून काढून परसबागेकडे वळवा. खड्ड्यावरचा भार लगेच हलका होतो. दिवाळीनंतर पाणी खाली गेलं की नवा खड्डा उथळ घ्या, त्याचा वरचा भाग जमिनीच्या वर काढा आणि भोवती मातीचा भराव द्या.

बुडबुड आवाजाचं कारण हवा. सेप्टिक टँकला हवेचा पाईप नसेल किंवा तो बुजला असेल, तर भांड्यातून पाणी जाताना मागची हवा न्हाणीच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि तिथलं पाणीही सोबत जातं. एकाने संडासात बादली ओतावी, दुसऱ्याने न्हाणीच्या ट्रॅपमध्ये टॉर्च मारून बघावं. पाणी वर-खाली उसळलं तर हवेचा रस्ता बंद आहे. पाईप किमान 50 मिलिमीटरचा, घराला लागून असेल तर छपरापेक्षा 2 मीटर उंच, तोंडाला मच्छरजाळी. जाळी वर्षातून एकदा बघा, गांधीलमाश्या तिथे घर करतात. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर हा पाईप लागत नाही, खड्ड्याच्या जाळीदार भिंतीतून वायू मातीत मुरतो. तिथे वेगळंच तपासायचं. जंक्शन चेंबरमध्ये, म्हणजे पाईप दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या हौदात, एका खड्ड्याचं तोंड बंद आहे ना? दोन्ही उघडी राहिली की दोन्ही खड्डे एकदमच भरतात.

विहीर खड्ड्यापासून 10 मीटरच्या आत असेल तर पावसाळ्यात तिचं पाणी उकळूनच प्या आणि ग्रामपंचायतीकडून एचटूएस बाटलीने (पाण्यात मैल्याचे जिवाणू आहेत का ते दाखवणाऱ्या बाटलीने) तपासून घ्या. बाटलीतलं पाणी काळं झालं तर मैलापाणी मिसळतंय.

आणि खड्ड्यात किंवा टाकीत कोणीही उतरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू वाढला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, दोघेही जातात.

प्रश्न : आमच्या नळाच्या पाण्यालेच सडक्या अंड्यावानी वास येते. सकाळी लय येते, मंग कमी होते. पाईपात काही मेलं असंन का?
– एक वाचक, तेल्हारा तालुका, जि. अकोला

मेलेलं असतं तर वास दिवसभर सारखा आला असता आणि पाण्यात तंतू दिसले असते. रात्रभर साचलेल्या पाण्याला वास येतो आणि वाहू लागलं की कमी होतो, हे गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. फक्त ते बोअरमध्ये आहेत की टाकीत, एवढं शोधायचं.

पहाटे मोटर चालू करून पहिली बाटली बोअरच्या तोंडाशी भरा, दुसरी टाकीच्या नळातून. दोन्ही हलवून अंगणात जाऊन हुंगा, न्हाणीत नको. वास फक्त दुसऱ्या बाटलीला असेल तर टाकी रिकामी करा, तळाचा गाळ काढा, बुरशी ब्रशने घासा. मग टाकी भरताना 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजं ब्लीचिंग पावडर या मापाने टाका. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून निवळू द्या आणि फक्त वरची निवळी ओता. प्रत्येक नळ उघडून क्लोरिनचा वास आला की बंद करा, रात्रभर राहू द्या, सकाळी सगळं सोडून द्या. ते पाणी पिऊ नका, ढोरांना पाजू नका, झाडांना घालू नका. उघड्या पुड्यातलं जुनं ब्लीचिंग निकामी झालेलं असतं. वासाने नाक झोंबलं नाही तर नवं आणा. संडास धुवायचं ॲसिड त्याच्या आसपासही आणू नका, दोन्ही मिसळलं की विषारी वायू निघतो.

पहिल्या बाटलीलाही वास असेल तर बोअरला हाच डोस. 6 इंची बोअरमध्ये दर मीटरला 18 लिटर पाणी असतं. 50 मीटर पाणी उभं असेल तर 900 लिटर, म्हणजे सुमारे 135 ग्रॅम. निवळी ओतून रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत उपसा. दोन-तीन महिन्यांत वास परत आला तर जमिनीतच गंधक आहे असं समजा. मग पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं टाकीत पाडा, बराच वायू हवेत उडून जातो.

प्रश्न : स्वयंपाकघरात ओट्याखाली, मोरीच्या तोंडाशी, अधूनमधून घाण वास येतो. मोरी धुतली तरी येतोच.
– एक वाचक, वरुड तालुका

मोरीचं नंतर बघू, आधी सिलिंडर. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. त्याचा वास सडक्या कोबीसारखा. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरतो आणि मोरीच्या खोलगट भागात साचतो. माणसाला वाटतं, मोरीच घाण मारतेय.

रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. मोकळी हवा खेळली, वास गेला, की नळीला आणि रेग्युलेटरच्या तोंडाला साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडे आले तर नळी बदला. वास हटतच नसेल तर बाहेर जाऊन 1906 वर फोन करा.

गॅसचं काही नाही अशी खात्री झाली, तर सिंकखालची बाटलीसारखी दिसणारी ट्रॅप उघडा, खाली बादली ठेवून. तिच्या तळाशी डाळीचा, भाताचा, तेलाचा चिकट गोळा बसलेला असतो. तो वाटीत काढून बघा, वासाचं उत्तर तिथेच मिळेल. धुऊन परत बसवताना रबरी वायसर उलटा लागला की थेंब गळतो आणि ओट्याखालची लाकडी फळी ओली राहते. तिथे उधळी लागायला वेळ लागत नाही, म्हणून बसवल्यावर खाली जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरा आणि दुसऱ्या दिवशी बघा, त्यावर एकही थेंब नको.